पी 0546 कोड: सेन्सर गेलाय की वायरिंग? मदत हवी आहे

मंडळी, गाडी बीएस-6 डिझेल, डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). घाट चढताना किंवा हायवेला चांगली पळाली की चेक लाईट लागते. स्कॅनरवर पी 0546, म्हणजे टर्बोच्या आधीच्या एक्झॉस्ट टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. कोड पुसला की काही दिवस गप्प, मग पुन्हा तेच. वर्कशॉपमध्ये सांगतात, सेन्सर बदला. पण सेन्सर महाग, आणि बदलूनही कोड परत आला तर पैसे पाण्यात.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी नुसती किल्ली ऑन करून लाईव्ह डेटा पाहिला. एक्झॉस्टचे तिन्ही टेम्परेचर सेन्सर बाहेरच्या हवेइतकंच तापमान दाखवतात. कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून टर्बोआधीचा सेन्सर मोजला तर 219 ओहम. पीटी 200 प्रकारचा आहे, शून्य अंशाला 200 ओहम, म्हणजे 25 अंशाला आकडा बरोबर बसतो. गाडीकडच्या कपलरमध्ये जवळपास 5 व्होल्ट येतात. त्याच्या दोन्ही पिना वायरने जोडल्या की कोड पी 0545 होतो, म्हणजे व्होल्टेज कमी. त्यामुळे ईसीएमवर (इंजिनचा कॉम्प्युटर) संशय नाही.

पण घाटात शेजारी बसलेल्या भावाने रीडिंग बघितलं, तर पाचशेच्या आसपास नीट चाललेलं तापमान क्षणात हजारापार गेलं आणि तसंच खाली आलं. खरं तापमान अशी उडी मारत नाही. सर्किट मध्येच तुटतंय, हे नक्की. कुठे, तापलेल्या सेन्सरच्या आत की कपलरच्या पिनेत? बऱ्याच गाड्यांत हा कोड असला की रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं) थांबतं, म्हणून डीपीएफची काळजी वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

थंड सेन्सर मोजून हा दोष सापडणार नाही. आधी वायरिंग बाजूला काढा. इंजिन बंद, गार असताना सेन्सरच्या जागी कपलरमध्ये 470 ओहमचा रेझिस्टर लावा. किल्ली ऑन केल्यावर स्कॅनर साधारण पावणेचारशे अंश दाखवेल. आता कपलरपासून वायरी हलवत, ओढत मागे जा. आकडा उडाला तर दोष तिथेच. पिना सैल किंवा हिरव्या पडल्यात का, तेही बघा. आकडा हलला नाही, तर घाटातून आल्या आल्या गाडी थांबवून, हातमोजे घालून कपलर काढा आणि तापलेला सेन्सर मोजा, वायर जरा हलवत. गार होताना ओहम सावकाश उतरायला हवेत. मध्येच मीटर ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवू लागला, तर सेन्सर बदला.