250 वर्षं: रविवारच्या शाळेसाठी इतिहासाचं साहित्य कसं निवडायचं?

नमस्कार मंडळी,

यंदा 4 जुलैला अमेरिकेला 250 वर्षं पूर्ण होतायत. त्यानिमित्ताने न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी जूनमध्ये इतिहास आणि नागरिकशास्त्राचे थोडे वर्ग घ्यायचे असं ठरलंय. चर्चा मराठीत, वाचायचं मात्र मूळ इंग्रजीतलं. साहित्याची कमतरता अजिबात नाही, उलट शाळेच्या इनबॉक्समध्ये एवढं फुकट येऊन पडलंय, पोस्टर काय, व्हिडिओ काय, रंगीत वर्कबुकं, क्विझ, की उघडायचं कुठलं तेच कळेना. एकात देश स्थापन करणारे सगळे देवमाणसं, दुसऱ्यात या देशात चांगलं काही घडलंच नाही, आणि तिसरं नुसतं जोड्या लावा. या ईमेल यादीवर शिकवणारे बरेच जण आहात, निवडायचं कसं ते प्लीज सांगा.

– शाळा समितीतर्फे

* * *

ताई, माझं सरळ मत देतो. ही मुलं इथेच जन्मली, इथेच राहणार, त्यांना या देशाबद्दल आपुलकी वाटली पाहिजे. आम्ही नागरिकत्वाची परीक्षा दिली तेव्हा 100 प्रश्नांची यादी असायची, ऑफिसर त्यातले 10 पर्यंत विचारणार, 6 बरोबर आले की पास. तीच यादी घ्या, पाठ करून घ्या, स्पर्धा ठेवा, बक्षिसं मी देतो. गुलामगिरी वगैरे मुलं शाळेत शिकतातच, वाढदिवसाच्या दिवशी घरातली भांडणं कशाला काढायची?

– काका, एडिसन

* * *

काका, ताई, सगळ्यांना नमस्कार. मी इथल्या पब्लिक मिडल स्कूलमध्ये सोशल स्टडीज शिकवते, हे साहित्य चाळणं माझं रोजचंच काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न्यू जर्सीत 2021 च्या कायद्याने मिडल स्कूलला सिव्हिक्स म्हणजे नागरिकशास्त्र सक्तीचं झालं. त्या कायद्याला लॉरा वूटेन यांचं नाव आहे, या बाईंनी 79 वर्षं मतदान केंद्रावर काम केलं होतं. विषय सक्तीचा झाला की पूरक साहित्य भराभर यायला लागतं, आणि पाठ्यपुस्तक निदान चार लोकांच्या नजरेखालून जातं पण पूरक साहित्य बऱ्याचदा कुणीतरी आदल्या रात्री डाउनलोड करून सकाळी वाटलेलं असतं, त्याला ना संपादक ना तपासणी. म्हणून ते आपणच तपासायचं.

कुणी बनवलं, पैसे कुणाचे, हे बघाच, पण तेवढ्यावर अडकू नका, चांगल्या हेतूच्या संस्थाही वाईट वर्कशीट काढतात. माझी मुख्य परीक्षा वेगळी आहे. साहित्यात ज्या भाषणाचा, कायद्याचा किंवा माणसाचा उल्लेख असेल त्याचा मूळ कागद काढायचा, लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर बहुतेक सगळं फुकट मिळतं, तो शेजारी ठेवायचा आणि बघायचं की कात्री कुठे चाललीये. कुणी खोटं लिहिलंय असं क्वचितच सापडतं. सापडते ती काटछाट.

4 जुलैचंच घ्या. फ्रेडरिक डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला, 1838 मध्ये पळाला, आणि 5 जुलै 1852 ला रॉचेस्टरमध्ये त्याने स्वातंत्र्यदिनावर भाषण केलं. त्यात तो स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांना शूर म्हणतो, थोर म्हणतो. मग म्हणतो की हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही, तुम्ही आनंद करा, मला शोक करायचाय, आणि पुढची कितीतरी पानं गुलामांच्या बाजाराचं वर्णन आहे जे वाचताना माझ्या आठवीच्या वर्गात कुणी हलत नाही. आणि शेवटाकडे येऊन तोच माणूस राज्यघटनेला स्वातंत्र्याचा तेजस्वी दस्तऐवज म्हणतो आणि या देशाबद्दल मी निराश नाही असंही सांगतो. आता पॅकेटं उघडून बघा, एकात फक्त शूर आणि तेजस्वी असतं, दुसऱ्यात फक्त शोक, आणि दोन्हीखाली डग्लसचंच नाव. मुलाला कळतच नाही की एकाच माणसाने एकाच दुपारी हे सगळं म्हटलं होतं, आणि ते एकत्र म्हणता येतं हेच तर शिकायचंय ना!

2023 मध्ये फ्लोरिडाने प्रेगरयू या उजव्या विचारांच्या संस्थेचे व्हिडिओ पूरक साहित्य म्हणून वापरायला परवानगी दिली. त्यातल्या एका कार्टूनमध्ये डग्लस दोन मुलांना समजावतो की संस्थापकांना गुलामगिरी वाईट आहे हे माहीत होतं पण तेरा वसाहती एकत्र आणायच्या म्हणून त्यांनी तडजोड केली. तडजोड झाली हे खरंच, घटनेत गुलामांची गणती तीन-पंचमांश धरायचं कलम आहे ते त्यातूनच आलं. पण ते समर्थन डग्लसच्या तोंडी घालायचं आणि 1852 चं भाषण बाजूला ठेवायचं हे मला अजिबात मान्य नाही. दुसऱ्या बाजूलाही कात्री चालते. न्यूयॉर्क टाइम्सच्या 1619 प्रकल्पाच्या, म्हणजे अमेरिकेचा इतिहास गुलामगिरीपासून मांडणाऱ्या लेखमालेच्या, मुख्य लेखात क्रांतीचं एक कारण गुलामगिरी टिकवणं असं सरसकट लिहिलं होतं, त्यावर पाच नामवंत इतिहासकारांनी डिसेंबर 2019 मध्ये जाहीर पत्र लिहिलं, आणि मार्च 2020 मध्ये ते वाक्य काही वसाहतवाल्यांपुरतं मर्यादित केलं गेलं. ज्याने दुरुस्ती केली आणि ती उघड सांगितली त्याच्यावर माझा विश्वास थोडा वाढतोच, पण वर्गात कुठली आवृत्ती वाटतोय ते तारीख बघून ठरवा.

रोझा पार्क्सचं पान तर प्रत्येक पॅकेटमध्ये असतं. दमलेली शिवणकाम करणारी बाई, बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नाही, मग अन्याय संपला, रिकाम्या जागा भरा. मूळ गोष्ट बघा. बसमधला तो दिवस 1 डिसेंबर 1955 चा, त्याच्या आधी कितीतरी वर्षं त्या अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरी होत्या, त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर स्कूलला कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या, आणि मार्चमध्येच क्लॉडेट कोल्विन नावाच्या 15 वर्षांच्या मुलीला जागा सोडली नाही म्हणून अटक झाली होती. पार्क्सना अटक झाल्यावर 381 दिवस लोक बसमध्ये चढले नाहीत, गाड्या शेअर केल्या, चालत कामाला गेले, आणि बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कोर्टात जो खटला जिंकला त्यात कोल्विन होती, पार्क्स नव्हत्या. वर्कशीटमधून नेमकं हे संघटनेचं काम कापलं जातं. मग मुलाला वाटतं की नागरिक म्हणून करायचं काय, तर एक दिवस दमायचं आणि जगाने आपोआप बदलायचं.

आणि हो, टाइमलाइनवाले पोस्टर घेताना जपून. 1870 ला कृष्णवर्णीय पुरुषांना मत, 1920 ला बायकांना, 1965 ला मतदानातला वर्णभेद रोखणारा व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट, सगळ्या पायऱ्या वरच चढणाऱ्या. आपल्या न्यू जर्सीची गोष्ट त्यात कधीच नसते. 1776 च्या इथल्या घटनेत 50 पौंडांची मालमत्ता असलेल्या सगळ्या रहिवाशांना मत होतं, त्यामुळे अविवाहित आणि विधवा बायका मतदान करत होत्या, मालमत्ता असलेले कृष्णवर्णीयही करत होते. सॉमरसेट काउंटीतल्या मॉन्टगोमेरी टाउनशिपची 1801 ची मतदारांची यादी आहे, हाताने लिहिलेली, त्यात पुरुषांच्या नावांमध्ये बायकांची नावं आहेत, फिलाडेल्फियाच्या म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनने ती लोकांसमोर आणली. आणि 1807 मध्ये कायदा करून ते मत काढून घेतलं, फक्त गोऱ्या करदात्या पुरुषांना ठेवलं. मिळालेला हक्क जाऊही शकतो हे पोस्टर सांगत नाही, ती यादी सांगते, आणि त्या टाउनशिपमध्ये आज आपल्या मंडळाची किती घरं आहेत बघा.

काका, आपुलकीचं तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. फक्त मला वाटतं की 100 उत्तरं पाठ करून ती येत नाही, कुणीतरी मत मागितलं, नाकारलं गेलं, परत मागितलं, हे वाचून येते.

– सोशल स्टडीजवाली

* * *

वाचलं. डग्लसचं अख्खं भाषण काढून वाचलं, रात्री उशीर झाला पण थांबवेना. चार जुलैचा विषय असून ते वगळणं बरोबर नाही, हे मान्य. पण बाई, एक शंका आहे. दहा वर्षांच्या पोराला तेवढं इंग्रजी कसं झेपणार? म्हणजे कात्री लावावीच लागणार, मग तुमची आणि त्यांची कात्री वेगळी कशी?

– काका

* * *

काका, फार महत्त्वाचं विचारलंत. लहान करणं आणि दिशा बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचवीला मी त्या भाषणाचे तीन तुकडे देते, स्तुतीचा, शोकाचा, आशेचा, प्रत्येकी चार-पाच ओळी, जिथे मजकूर गाळला तिथे टिंबं, अवघड शब्दांचे अर्थ समासात, आणि मागच्या पानावर अख्खं भाषण कुठे मिळेल ते. टिंबं नसतील, मूळ कागद कुठला ते लिहिलं नसेल, तर ते साहित्य बाजूला ठेवा. आणि खाली प्रश्न काय विचारलाय ते बघा. “डग्लसचं भाषण कोणत्या शहरात झालं” हा प्रश्न वाया गेला. “पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्यातली माणसं तीच आहेत का, कशावरून” असं विचारलं की मूल परत कागदात बोट घालून शोधतं.

– सोशल स्टडीजवाली

* * *

मध्ये बोलतो, माझी मुलगी सातवीत आहे. या सगळ्यात आपली माणसं कुठे? आम्हाला आलेल्या एका पॅकेटमध्ये भारतीयांवर एक पान आहे, त्यात भगतसिंग थिंद यांचा फोटो आणि खाली शूर सैनिक, हक्कासाठी लढले, एवढंच. हे घेऊ का?

– प्लेन्सबरोहून एक बाबा

* * *

घ्या, पण तेवढंच नको, कारण इथे कात्री आपल्याच हातात आहे.

थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. 1790 च्या कायद्याने नागरिकत्व फक्त मुक्त गोऱ्या व्यक्तीला मिळायचं, 1870 मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली, आशियातले बाहेरच. ऑरेगनच्या कोर्टाने थिंद यांना नागरिकत्व दिलं, सरकार त्याविरुद्ध वरच्या कोर्टात गेलं, आणि फेब्रुवारी 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हा गोरा नाही. त्यानंतर कितीतरी भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. आता पॅकेटं जे कापतात ते असं, की थिंद यांच्या बाजूने कायदा अन्यायाचा आहे असं मांडलंच नव्हतं. मांडलं होतं की मी उच्च जातीचा, शुद्ध आर्य रक्ताचा, म्हणून मी गोऱ्यांतच मोडतो. म्हणजे दार सगळ्यांना उघडा अशी मागणी नव्हती, मला आत घ्या अशी होती. त्यांच्यावर अन्याय झाला हे खरंच आहे, आणि हे सुद्धा खरं आहे, आणि आपल्या मुलांनी दोन्ही वाचलं पाहिजे. सातवीच्या मुलांना हे नीट कळतं, मी शिकवलंय.

त्याच्याच जोडीला महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकाची अर्पणपत्रिका ठेवा. 1873 चं पुस्तक, त्यात त्यांनी अमेरिकेतल्या भल्या लोकांना ते अर्पण केलंय, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवताना हा कित्ता गिरवावा अशी इच्छा धरलीये. अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे, चारच ओळी, मुलं स्वतः वाचतील. पुण्यातल्या माणसाने तेव्हाच्या अमेरिकेकडून काय घेतलं आणि पन्नास वर्षांनी थिंद यांच्या वकिलांनी काय मांडलं, हे दोन कागद समोरासमोर ठेवून मुलांना बोलू दे. हे कुठल्याही तयार पॅकेटमध्ये मिळणार नाही, आपल्यालाच करावं लागेल.

शेवटी 1946 चा लूस-सेलर कायदा, ज्याने भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं पण वर्षाला 100 जणांचाच कोटा, आणि 1956 मध्ये कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून आलेले दलीपसिंग सौंद. ते त्या कायद्यानंतरच नागरिक होऊ शकले, हे पानावर लिहिलेलं असलं तर पान चांगलं.

– सोशल स्टडीजवाली

* * *

सगळ्यांचे खूप आभार. आजच्या फोनवर ठरलं ते असं. तयार पॅकेट एकही पूर्ण घेत नाही. पहिला रविवार डग्लसचे तीन तुकडे, दुसरा रोझा पार्क्स आणि कोल्विन, तिसरा मॉन्टगोमेरीची यादी, चौथा थिंद आणि फुले. चौथ्या रविवारी आठवीच्या मुलांना आलेल्या पॅकेटांपैकी एक आणि त्याचा मूळ कागद देणार, काय कापलंय ते त्यांनीच शोधायचं. काकांची प्रश्नांची यादी राहतेय, पण प्रत्येक उत्तराखाली मुलाने तो हक्क कुठल्या घटनादुरुस्तीने किंवा कायद्याने आला ते लिहायचं, बक्षिसं काका देतायत आणि पहिल्या रविवारी वर्गात बसायलाही येतायत.

मॉन्टगोमेरी, स्किलमन, बेल मीडकडे राहणाऱ्या कुणाला म्युझियमच्या साइटवरून यादीची मोठी प्रिंट काढता येईल का? 11 बाय 17 हवी, नावं वाचता आली पाहिजेत. आणि फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचं पान कुणाकडे जुन्या प्रतीत असेल तर स्कॅन करून मला पाठवा, गुरुवारपर्यंत.

– शाळा समितीतर्फे