4 महिन्यांच्या भाचीच्या डोक्यात पाणी निघालं, शंट (पाणी काढायची नळी) टाकायचा म्हणतात. नागपुरात कोणाला अनुभव आहे का?

उमरेडचा_मामा
नमस्कार मंडळी. बहिणीची मुलगी 4 महिन्यांची आहे, लस द्यायला नेली तर तिथल्या सिस्टरनं डोक्याला टेप लावून पाहिला नं म्हणाली डोकं भल्लं पटापट वाढून राहिलं, नागपूरला दाखवा. मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) दाखवलं, टाळूवरून सोनोग्राफी झाली मग एमआरआय, हायड्रोकेफॅलस म्हणजे मेंदूत पाणी साचलेलं निघालं. सुपर स्पेशालिटीच्या न्यूरोसर्जनांनी (मेंदूच्या सर्जनांनी) शंट टाकावा लागेल सांगितलं. बहीण नुसती रडून राहिली. औषधानं नाही होत का हे? कोणी म्हणते दुर्बिणीतून होते नळी लागत नाही. मुंबईला न्यावं का? आणि एवढ्याशा बाळाला भूल देणं झेपते का?

रेशीमबागवाली_आई
दादा माझ्या मुलीला बाळपणीच शंट बसवला, आता तिसरीत आहे, सायकल चालवते, पाढे म्हणते. आधी एवढं सांगते की मुंबईच्या नादात दिवस घालवू नका, नागपुरात ही ऑपरेशनं नेहमीची आहेत आणि तिकडे नंबर लागेपर्यंत इकडे पाणी मेंदूला दाबतच राहते. नंतरही सर्जन जवळच लागतो. हा शंट एकदा टाकला की विषय संपला असं नसते, माझ्या मुलीचा एकदा बंद पडला होता, सकाळी उठली की उलटी आणि दिवसभर गुंगीत, सर्जननं पाहिल्याबरोबर ओळखलं आणि त्याच रात्री बदलला. मुंबई असती तर काय केलं असतं आम्ही.

ओटी_सिस्टर_नागपूर
मी बरीच वर्षं न्यूरोसर्जरीच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम केलंय म्हणून सविस्तर लिहिते. मेंदूत पाणी सगळ्यांच्याच तयार होते, मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर, आणि ते रक्तात शोषलं जाते. वाट अडली की साचते, बाळाची कवटी जुळलेली नसते म्हणून डोकं वाढते. औषधानं ती वाट मोकळी होत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनला ईटीव्ही म्हणतात, मेंदूतल्या पोकळीच्या तळाला छिद्र करून पाण्याला दुसरी वाट देतात, पण 6 महिन्यांखालच्या बाळात ते छिद्र टिकायचं प्रमाण कमी असते आणि अडथळा कुठं आहे त्यावरही असते. सर्जनला हे नक्की विचारा, विचारलं तर कोणी रागावत नाही.

शंटमध्ये एक बारीक नळी मेंदूतल्या पोकळीत, कानामागं व्हॉल्व्ह (पाण्याचा वेग सांभाळणारी झडप), तिथून कातडीखालून मान, छाती आणि पोटात. पोटात नळी मुद्दाम जास्त सोडतात, मूल उंच झालं तरी पुरावी म्हणून. बाहेरून काही लटकत नाही. बाळाचं ऑपरेशन म्हणजे मोठ्यांचं लहान करून केलेलं काम नव्हे. 6 किलोच्या बाळात रक्त अर्ध्या लिटरच्या आतबाहेर, त्यामुळं सर्जन थेंब थेंब जपतात. बाळ गार पडू नये म्हणून ओटी उबदार ठेवतो. शंटला सगळ्यात मोठी भीती इन्फेक्शनची, म्हणून शक्यतो सकाळची पहिली केस, आत कमी माणसं, नळीला हात लावायच्या आधी ग्लोव्हज बदलायचे, ह्या बाबतीत आमचे सर कोणाचंच ऐकायचे नाहीत आणि बरोबरच होतं ते. भूल देणारे डॉक्टर लहान बाळांचा सराव असलेले असतात, त्यांनाही ऑपरेशनआधी भेटा.

उमरेडचा_मामा
हौ ताई, भल्ला धीर आला. अजून एक, तिची सासू म्हणते पोटुशी असताना ग्रहणात बाहेर निघाली म्हणून झालं. बहीण तेच धरून बसली आहे.

ओटी_सिस्टर_नागपूर
अज्जिबात नाही!! हे बहिणीला आजच सांगा. पाण्याची वाट जन्मतःच अरुंद असणं, कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव, मेंदूज्वर, पाठीच्या कण्याला जन्मतः फट असणं, ही कारणं असतात. ग्रहणाचा काहीही संबंध नाही. तुमच्या सर्जनला सासूबाईंसमोर हेच बोलायला सांगा, डॉक्टरच्या तोंडून घरचे ऐकतात.

वाचक_धरमपेठ
शंटचा इतिहास वाचा, आईबापांनी काय काय केलंय. 1956 मध्ये फिलाडेल्फियाच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात युजीन स्पिट्झ हे सर्जन होते, जॉन होल्टर नावाच्या कारागीर बापाच्या मुलाला हाच आजार. सर्जनकडून अडचण समजून घेऊन त्यानं घरी सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बनवला, पाणी एकाच दिशेनं जाईल असा. पुढं तो कितीतरी मुलांना बसवला गेला.

रेशीमबागवाली_आई
पैशाचं बघा दादा, महात्मा फुले योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. बाळाचं नाव कार्डावर चढलं नसेल तर जन्माचा दाखला सोबत ठेवा.

उमरेडचा_मामा
सोमवारी भरती करून राहिलो. घरी आल्यावर काय पाहायचं?

ओटी_सिस्टर_नागपूर
टाळू फुगून घट्ट वाटणं, सारख्या उलट्या, दूध न पिणं, फार झोपाळू होणं, बुबुळं खाली वळून वरचा पांढरा भाग दिसणं. यातलं काहीही दिसलं तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता सरळ कॅज्युअल्टीत या. ताप, किंवा नळीच्या मार्गावर लाली, सूज, तरीही तेच. दर आठवड्याला टेपनं डोकं मोजून वहीत लिहा. आणि डिस्चार्ज कार्डवर शंटची कंपनी नं व्हॉल्व्हचा प्रकार लिहून घ्या, बाहेरून सेटिंग बदलता येणारा असेल तर दर एमआरआयनंतर ते सेटिंग तपासून घ्यावं लागते. कार्डाचा फोटो घरात सगळ्यांच्या मोबाईलवर ठेवा.