श्रद्धा आणि समलैंगिकता : असा माहितीपट फेस्टिव्हलला दाखवावा का?

गिरगावकर :
2008 च्या सिंगापूर फिल्म फेस्टिव्हलमध्ये ‘अ जिहाद फॉर लव्ह’ दाखवायचा होता, पण तिथल्या सेन्सॉरने परवानगीच दिली नाही, का तर विषय नाजूक. हा माहितीपट परवेझ शर्माचा, जन्म दिल्लीचा, स्वतः गे आणि मुस्लिम, आणि स्वतःसारख्याच श्रद्धाळू गे-लेस्बियन मुस्लिमांना भेटत 12 देशांत फिरलाय. टोरांटो आणि बर्लिनला आधीच दाखवून झाला होता. मला ही बंदी अजून पटत नाही. यातली माणसं धर्मावर थुंकत नाहीत हो, उलट नमाज पढतात, रडतात आणि आम्हाला यातच राहायचंय म्हणतात. मग भावना दुखावल्या नक्की कुणाच्या?

एचडीबीतला_मराठी :
टोरांटोचा न्याय इथे लावू नका राव. मी सिंगापुरात राहतो, इथे एकाच बिल्डिंगमध्ये चिनी, मलय, भारतीय सगळे, आणि 1964 च्या दंगली सरकार अजून विसरलेलं नाही, धर्माचा विषय निघाला की कुणालाच सूट नाही. त्यात तेव्हा पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा 377ए कायदा होता, 2007 मध्येच संसदेत वाद होऊन कायम ठेवलेला, रद्द करायला 2022 उजाडलं. सरकारशी भांडून फेस्टिव्हलने करायचं काय, पुढच्या वर्षी गाशा गुंडाळायचा?

चहाबाज :
377 तर 2008 मध्ये आपल्याकडेही होतंच की. आणि 1998 ला दोन बायकांच्या प्रेमावरचा ‘फायर’ सेन्सॉरने पास केलेला असूनसुद्धा मुंबईत शिवसैनिकांनी थिएटरं फोडलीच ना? दंगा होईल म्हणून आधीच नको म्हणायचं, म्हणजे पुढच्या वेळी दगड उचलायचेही कष्ट नकोत, नुसती धमकी पुरे.

रत्नागिरीची_लेक :
मी मुसलमान आहे म्हणून जरा वेगळं बोलते. बंदी मलाही नकोय. पण फेस्टिव्हलच्या हॉलमध्ये बसणार कोण? बहुतेक आमच्या बाहेरचेच. दीड तास बघायचं आणि बाहेर येऊन ‘यांच्यात असलंच असतं’ म्हणत कॉफी प्यायची. ज्यांनी बघायला हवं त्या माझ्या चुलत्याला, मावशीला कोण बोलावतं? ते बोलावणं नसेल तर हा आमचा तमाशाच झाला.

गिरगावकर :
@रत्नागिरीची_लेक मुद्दा रास्त, पण तो ‘कसं दाखवायचं’चा आहे, ‘दाखवू नका’चा नाही. याच माहितीपटाचा एक निर्माता सँडी डुबॉव्स्की, त्याने आधी 2001 मध्ये सनातनी ज्यूंमधल्या गे-लेस्बियन माणसांवर ‘ट्रेम्ब्लिंग बिफोर जी-डी’ केला होता, तेव्हा शोनंतर रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, समोर बसवून चर्चा घडवल्या. जमतं की.

एचडीबीतला_मराठी :
चर्चेचं ठीक आहे हो, पण त्यात दिसणाऱ्यांचं काय? कित्येकांचे चेहरे झाकलेत, पण आवाज असतो, हात असतात, मागची भिंत असते, घरचा माणूस ओळखणारच. आणि ज्याने चेहरा झाकला नाही तो दक्षिण आफ्रिकेचा इमाम मुहसिन हेंड्रिक्स, यात आपल्या मुलांना गाडीतून नेताना दगडांनी ठेचायच्या शिक्षेबद्दल त्यांच्याशी बोलतो, बघवत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. सिनेमामुळे मारलं असं मी म्हणत नाहीये, पण भीती काल्पनिक नाही एवढंच.

चहाबाज :
अहो तो 1996 पासून आपण गे आहोत हे उघडपणे सांगत होता. मरेपर्यंत गप्प बसला नाही, आणि आता त्याचंच नाव पुढे करून त्याचं बोलणं डब्यात ठेवायचं?

रत्नागिरीची_लेक :
हे मात्र खरं. ज्यांनी चेहरे झाकलेत त्यांना प्रत्येक नव्या शहराच्या आधी विचारा, आणि इमामसाहेबांचा निर्णय त्यांचा त्यांना घेऊ दिलात तसा राहू द्या. दाखवाच. फक्त शो मगरिबच्या, म्हणजे संध्याकाळच्या नमाजाच्या, वेळेला लावू नका आणि मोहल्ल्यातल्या चार बायकांना आधी फोन करा, पोस्टर लावून कुणी येत नाही. माझी मावशी तर मी सोबत असले तरच येईल, तेही पाच वेळा विचारून.