विरत नाही, हवेत जातो

सांडपाण्यातला नायट्रोजन समुद्रात ‘विरून जातो’ असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो. मग जीवाणू नायट्रेटमधला, म्हणजे नायट्रोजन-ऑक्सिजनच्या संयुगातला, ऑक्सिजन ओढतात. बराचसा नायट्रोजन निरुपद्रवी वायू होऊन निघून जातो, पण वाटेत थोडा नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायूही सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट हवा तापवतो.

पुढची पायरी तर आपण रोज हुंगतो. मुंबईत माहीम-बांद्र्यादरम्यान लोकल मिठी नदीवरून जाते तेव्हा दारातली माणसं नाकाला रुमाल लावतात ना? तो सडक्या अंड्यांचा वास म्हणजे खालच्या गाळात नायट्रेटही संपलंय आणि जीवाणू सल्फेटवर, म्हणजे गंधक-ऑक्सिजनच्या संयुगावर, उतरलेत.