मदत हवी आहे: बाळंतपणानंतर सांधे पुन्हा धरले

मला 4 वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते तो संधिवात) आहे. गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, सांधे जवळजवळ दुखलेच नाहीत. बाळाला सामावून घ्यायला प्रतिकारशक्ती आपली धार थोडी बदलते, म्हणून अनेकींना असा आराम पडतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आता बाळ 7 आठवड्यांचं आहे आणि सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. त्याला उचलताना भीती वाटते. सीआरपी (रक्तातली, अंगातली सूज दाखवणारी तपासणी) वाढलंय, थायरॉइड नॉर्मल (बाळंतपणानंतर तोही बिघडू शकतो म्हणून तपासला). संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या गोळ्या चालू आहेत. अंगावर पाजते, त्यामुळे मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं दुसरं औषध नको. डॉक्टरांची भेट 10 दिवसांनी आहे. ज्या यातून गेल्या आहेत त्यांना विचारते: हा भडका आपोआप ओसरला, की पाजतानाच औषध वाढवावं लागलं? कोणतं, आणि हात कितव्या महिन्यात मोकळे झाले?