ऑफिसातले जुने पीसी अजून किती वर्षं ओढायचे?

घासूनपुसून:
आमच्याकडे ११ पीसी आहेत, सगळे विंडोज १०, प्रोसेसर इंटेल चौथी ते सहावी जनरेशन, आणि वर्कशॉपमधे एक बाबा आदमच्या जमान्यातला विंडोज एक्सपीवाला, जो कटिंग मशीनला सीरियल केबलने जोडलाय. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपला तेव्हापासून आयटीवाला मागे लागलाय सगळं बदला म्हणून, आणि मालक म्हणतात चालतंय ना, मग कशाला हात लावायचा. मधल्यामधे मी. तुम्ही लोक किती वर्षं वापरता?

रात्रपाळी:
वय सोडा हो, नेटला जोडलंय का ते बघा. २०१७ च्या मे मधे वॉनाक्राय हा फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमधेच आलेला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले. तुम्हाला तर आता फुकट पॅच येणारच नाही. कंपन्यांना पैसे भरून ३ वर्षं अपडेट मिळतात पण दरवर्षी रेट डबल. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेल असेल तर साधारण आठवी जनरेशन, म्हणजे तुमचे बसतच नाहीत. बिलं आणि बँकेचं काम ज्यावर चालतं ते ३-४ आधी बदला.

जुनाखोका:
एक्सपीला मात्र उगाच हात लावू नका!! आमचा असाच एक होता, एका सोमवारी चालूच होईना, निळी स्क्रीन यायची आणि परत रीस्टार्ट. विंडोज उडालं समजून दोन दिवस डोकं फोडलं, निघालं काय तर मदरबोर्डचा सेल संपलेला, त्यामुळे बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) डिफॉल्टवर गेलं आणि हार्ड डिस्कचं सेटिंग आयडीईचं एएचसीआय झालं, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धतच बदलली, आणि ती नवी पद्धत एक्सपीला कळेना. डिस्क ठणठणीत होती. सेल बदला, बायोसच्या सगळ्या स्क्रीनचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, डिस्कची इमेज (जशीच्या तशी पूर्ण कॉपी) घ्या, आणि ती इमेज दुसऱ्या डिस्कवर टाकून एकदा चालू करून बघा, नुसती घेऊन ठेवलेली इमेज काही कामाची नाही.

टर्मिनलवाला:
बाकीच्यांवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाका ना

रात्रपाळी:
बिलिंगचं सॉफ्टवेअर चाललं तर टाका, नाहीतर महिनाभर शिव्या खाल.

घासूनपुसून:
आत्ता वर्कशॉपमधे जाऊन बघितलं. एक्सपीच्या मागे लॅनची (नेटवर्कची) वायर आहे. कोणी लावली कोणालाच माहीत नाही.

जुनाखोका:
आधी ती काढा. मग बोलू.