जिनोआत आयकबवर पीएचडी: अर्जात नेमकं काय लिहायचं?

मेकाट्रॉनिक्स_पुणे: एमटेक झालंय, सी++ आणि पायथन बरं येतं. इटलीत जिनोआला आयकब या माणसासारख्या रोबॉटवर कॉग्निटिव्ह सायन्सचं (मन आणि आकलनाच्या अभ्यासाचं) संशोधन करायचंय. सुरुवात कुठून करू?

सांधेजोड: तिथली संस्थाही आयआयटीच म्हणवते, त्यामुळे मेलमध्ये पूर्ण नाव (इस्तितुतो इतालियानो दी तेक्नोलोजिया) लिहा. पदवी जिनोआ विद्यापीठ देतं, मुदत ३ वर्षं. जाहिरातीत प्रत्येक विषयापुढे मार्गदर्शकाचं नाव असतं. त्यांना आधी मेल करा आणि त्याच विषयावर प्रस्ताव लिहा. ‘रोबॉटला माणसासारखं शिकवायचं’ हा प्रस्ताव नव्हे! आयकब १०४ सेंमी उंच, ५३ मोटरचालित सांधे; पैकी डोळ्यांना ३. दोन्ही डोळे वर-खाली एकत्रच होतात. रोबॉटची आधी नजर वळली, का आधी मान, यावरून समोरच्या माणसाचा प्रतिसाद किती मिलिसेकंदांनी बदलतो, असा मोजता येईल असा प्रश्न हवा.

गझेबोवाला: रोबॉट नसला तरी गझेबो या सिम्युलेटरमध्ये सराव होतो. आधी यार्पचा (रोबॉटचे प्रोग्रॅम एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर) नेमसर्व्हर, म्हणजे पत्त्यांची यादी ठेवणारा प्रोग्रॅम, सुरू करा, मग सिम्युलेशन; क्रम चुकला तर पोर्ट, म्हणजे संदेशांची ये-जा होणारी दारं, सापडत नाहीत. पण सिम्युलेशनमधल्या पकडीवर भिस्त ठेवू नका. खऱ्या हाताची बोटं केबलनं ओढली जातात. केबल सैल पडली की मोटर सांगते एक आणि बोट असतं भलतीकडेच.

मेकाट्रॉनिक्स_पुणे: आणि कागदपत्रं?

सांधेजोड: पदवीच्या समकक्षतेचा दाखला आत्ताच काढायला घ्या, तिथेच वेळ जातो. इटलीत उतरल्यावर ८ कामकाजाच्या दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो.